एकाच ताऱ्यावर दोघांचा डोळा: प्रतिस्पर्धी शास्त्रज्ञांची प्रेमकादंबरी कशी लिहावी

प्रयोगशाळेत घडणारी प्रेमकथा लिहायला घेतलेल्या बऱ्याच हस्तलिखितांमध्ये विज्ञान फक्त नेपथ्याला असतं. पांढरे कोट असतात, काचेची भांडी असतात आणि नायक-नायिका कँटीनमध्ये एकमेकांना टोमणे मारत असतात. कोट काढून दोघांना बँकेत बसवलं तरी कथेत काही फरक पडत नाही. मग वाचकाला ‘शास्त्रज्ञ’ कशासाठी वाचायला लावायचे?

या प्रकारची कादंबरी दोन गोष्टींवर उभी राहते. एक, दोघांनाही हवी असलेली आणि दोघांत वाटून न घेता येणारी एखादी खरीखुरी वस्तू. दोन, आपलं काम जगात सर्वांत बारकाईने वाचणारा माणूस हा आपला प्रतिस्पर्धीच असतो, ही वस्तुस्थिती. आईवडिलांना कळत नाही, मित्रांना कंटाळा येतो, वरिष्ठांना वेळ नसतो. आपल्या पेपरातल्या, म्हणजे शोधनिबंधातल्या, सातव्या आकृतीत नेमकं काय दडलंय हे फक्त ‘त्या’लाच दिसतं, कारण तोही तिथेच पोचायला धडपडत असतो. प्रेम उगवायची जागा तीच.

सगळं हवेत राहू नये म्हणून इथे एक कादंबरी सोबत घेऊन चालू. दोघेही रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. ती केतकी, जुन्नर तालुक्यातल्या द्राक्ष-टोमॅटोच्या बागाईतदार घरातली, लहानपणापासून शेताच्या बांधावरून अँटेना बघत वाढलेली. तो ओंकार, नागपूरचा, परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करून परतलेला. जागा त्याच तालुक्यातल्या खोडदची, जिथे त्या अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे.

पायरी १: भांडणाचं कारण विज्ञानातून काढा

‘तो गर्विष्ठ आहे, ती फटकळ आहे’ एवढ्यावर चारशे पानं निघत नाहीत. शास्त्रज्ञांमधली खरी स्पर्धा चार गोष्टींसाठी असते: उपकरणावरचा वेळ, पहिलं कोण पोचलं याचा मान, पेपरवरच्या नावांचा क्रम आणि कायमची नोकरी. यातली एक मुख्य घ्या, दुसरी तिच्या मागे उभी ठेवा.

खोडदला हे आयतं मिळतं. जीएमआरटी, म्हणजे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ मधल्या साधारण चौरस किलोमीटरभरात, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात तीन दिशांना पसरलेल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. जगभरातून लोक हिच्यावर वेळ मागतात. वर्षाचे दोन हंगाम असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. प्रत्येकासाठी आधी प्रस्ताव लिहायचा आणि एक समिती तास वाटणार. मागणी नेहमीच तासांपेक्षा जास्त.

आता केतकी एका गोलाकार तारकागुच्छात नवे पल्सार, म्हणजे ठरावीक तालात रेडिओ ठोके देणारे मेलेले तारे, शोधण्यासाठी तास मागते. ओंकार त्याच गुच्छातल्या आधीच माहीत असलेल्या पल्सारचं दीर्घकाळ मोजमाप करायला तास मागतो. समिती दोघांनाही देते, पण कुणालाच पुरणार नाहीत इतके. भांडण तयार झालं आणि दोघांपैकी कुणीही दुष्ट नाही. हे फार महत्त्वाचं आहे. वाचकाला आलटून पालटून दोघांचंही पटलं पाहिजे.

खऱ्या इतिहासातली कडवट स्पर्धा अभ्यासायची असेल तर रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांची वाचा. आधी ह्यूस्टनमध्ये एकत्र काम केलेले हे दोघे वेगळे झाले आणि मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधल्या त्याच संप्रेरकांमागे वर्षानुवर्षं धावले. एकाने मेंढ्यांचे मेंदू गोळा केले, दुसऱ्याने डुकरांचे, तेही लाखांनी. १९६९ मध्ये टीआरएच या पहिल्या संप्रेरकाची रचना दोन्ही गटांना उलगडली आणि १९७७ च्या नोबेलमध्ये दोघांची नावं शेजारी शेजारी आली. इतक्या मेहनतीने एकच कण शोधायचा असेल तर समोरच्याचं प्रत्येक यश छातीत का रुततं, हे या गोष्टीत दिसतं. तुमच्या पात्रांच्या रागाला असं वजन हवं.

पायरी २: एकच विषय घ्या, पण त्याच्या पोटात शिरा

सगळं विज्ञान यायची गरज नाही. एक उपकरण, एक प्रश्न आणि त्या प्रश्नात चूक कशी होऊ शकते याच्या दोन-तीन वाटा तुम्हाला नीट कळल्या की पुरे. कथानक त्या चुकीच्या वाटांवरच उभं राहतं.

पल्सारचंच बघा. मेलेल्या ताऱ्याचा अतिशय घट्ट गोळा स्वतःभोवती फिरतो आणि प्रत्येक फेरीत रेडिओ लहरींचा झोत आपल्यावरून जातो. काही पल्सार सेकंदाला शेकडो फेऱ्या मारतात. असा पल्सार जोडीदार ताऱ्याभोवती फिरत असेल तर त्याचे ठोके आपल्याला कधी लवकर, कधी उशिरा येतात आणि साध्या शोधात तो सापडतच नाही. काही जोड्यांमध्ये पल्सारच्या माऱ्याने जोडीदाराचा वायू उडत असतो. तो वायू मध्ये आला की कमी वारंवारतेवर पल्सार चक्क गायब होतो. ग्रहणच ते. काही वेळाने परत दिसतो.

यातून आपलं मधलं वळण मिळतं. केतकीला एक नवा संकेत सापडतो. एकदा दिसलेला संकेत म्हणजे शोध नव्हे. तो परत दिसावा लागतो. ओंकारकडे त्याच गुच्छाचे तास आहेत. तो आपला डेटा तपासतो आणि चर्चासत्रात सगळ्यांसमोर सांगतो की तिथे काही नाही. तो खोटं बोलत नाही. त्याचे दोन तास नेमके ग्रहणात गेलेत, हे तेव्हा कुणालाच माहीत नसतं. म्हणजे दोघंही खरं बोलत आहेत आणि तरी दोघांचं पटू शकत नाही. असा पेच लेखकाने बसून शोधून काढायला महिने लागतील. विषयात शिरलं की तो आपोआप हाती येतो.

तुमचा विषय वेगळा असेल तर तिथेही हेच विचारा: दोन प्रामाणिक माणसांना एकाच गोष्टीची दोन वेगळी उत्तरं कशी मिळू शकतील?

पायरी ३: दोघांना एकाच पायरीवर उभं करा

गाइड आणि त्याची विद्यार्थिनी यांच्यातली प्रेमकथा मी लिहायला सांगणार नाही. ज्याच्या सहीवर तिची पीएचडी अवलंबून आहे, ज्याच्या शिफारसपत्रावर तिची पुढची नोकरी आहे, त्याला ती ‘नाही’ कशी म्हणणार? तिथे स्पर्धा नसते, अवलंबन असतं. संस्थांमध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समित्या असतात त्या उगाच नाहीत. दोघेही पोस्टडॉक असावेत, किंवा दोघेही नुकतेच प्राध्यापक झालेले, किंवा दोघेही पीएचडीच्या शेवटच्या वर्षात. आणि शक्यतो गट वेगळे असावेत. पुण्यात गणेशखिंडीत एनसीआरए आणि आयुका या खगोलशास्त्राच्या दोन संस्था शेजारी शेजारी आहेत. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये उभी केलेली आयुका आणि तिच्या शेजारी जीएमआरटी चालवणारी एनसीआरए. वेगळ्या संस्था, चहाची टपरी एकच असू शकते. कादंबरीला याहून सोयीचं काय हवं?

पद समान असलं तरी वाट्याला आलेलं जग समान नसतं, तेही दिसू द्या. १९६७ मध्ये केंब्रिजला पहिला पल्सार ज्यांच्या नजरेला आला त्या जोसलिन बेल तेव्हा संशोधक विद्यार्थिनी होत्या. १९७४ चं नोबेल त्यांचे गाइड अँटनी ह्युइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं. पल्सारवर काम करणाऱ्या प्रत्येक मुलीला ही गोष्ट माहीत असते. केतकीने ती बोलून दाखवायची गरज नाही. ओंकारने तिच्या संकेताला ‘बाहेरचा आवाज असेल’ म्हटल्यावर तिला का इतकं झोंबतं, हे समजण्यापुरती ती मागे असू द्या. बेल यांचा संकेतही आधी असाच माणसांनी केलेला व्यत्यय समजला गेला होता.

पायरी ४: सांगाडा वर्षाच्या चक्रावर बसवा

प्रकरणं कशी पाडायची याचा घोळ इथे फारसा होत नाही, कारण शास्त्रज्ञांचं वर्ष स्वतःच प्रकरणांत विभागलेलं असतं.

पावसाळ्यात प्रस्ताव. ऐन मुदतीच्या रात्री सर्व्हर मंदावलेला, दोघांनाही एकमेकांचा विषय कळलेला. दसऱ्याच्या सुमाराला हंगाम सुरू. नोव्हेंबरमध्ये केतकीचा संकेत. डिसेंबरात ओंकारचं ‘काही नाही’. जानेवारीत ग्रहणाचा उलगडा. मग २८ फेब्रुवारी.

त्या दिवसावर थोडं थांबा. राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदला मोठं प्रदर्शन भरतं. आसपासच्या तालुक्यांतून शाळांच्या बसच्या बस येतात. कामापलीकडे एकमेकांशी जेमतेम बोलणाऱ्या दोघांना त्या दिवशी एकाच टेबलामागे उभं करा. सहावीतली एक मुलगी विचारते, “तारा मेला तर तो फिरतो कसा?” ओंकारला सोप्या मराठीत सांगता येत नाही, त्याची सगळी भाषा पेपरांतून आलेली. केतकी खाली बसते, त्या मुलीच्या उंचीला येते, आणि हात पसरून गोल फिरून मग हात जवळ घ्यायला लावते. मुलीचा वेग वाढतो, ती खिदळते, तिच्यामागे रांग लागते. ओंकार बघत राहतो. पुढच्या मुलाला तो स्वतः फिरायला लावतो, तिच्याच शब्दांत समजावतो आणि शेवटी म्हणतो, “हे मला आत्ताच या मॅडमनी शिकवलं.” पहिल्यांदा सगळ्यांसमोर त्याने तिला श्रेय दिलंय. चर्चासत्रातल्या त्या जखमेवरचं औषध असं, त्याच स्वरूपात, लोकांदेखत यायला हवं.

या प्रकारात जवळीक हळूहळू वाढली तरच गोडी असते. हात हातात यायला अर्धी कादंबरी गेली तरी चालेल, मात्र प्रत्येक प्रकरणात काहीतरी एक इंच सरकलं पाहिजे.

पायरी ५: जागा खरी करा

खोडदच्या परिसरात मोबाईल बंद ठेवावा लागतो, कारण अँटेना टिपतात ते संकेत अतिशय क्षीण आणि फोनचा गोंगाट त्यांच्यापुढे प्रचंड. प्रेमकथेसाठी हे वरदान आहे. मेसेज नाहीत, निळ्या खुणा नाहीत. भेटायचं तर चालत जावं लागतं, सांगायचं तर तोंडाने सांगावं लागतं. वारा फार सुटला की अँटेना आकाशाकडे सरळ तोंड करून थांबवतात. तुमच्या दोघांचे मोलाचे तास असे वाऱ्यात वाया जात असताना त्यांना बोलण्यावाचून दुसरं काम नसतं. बाहेर उसाची शेतं आणि जुन्नर भागातल्या बिबट्यांची भीती, त्यामुळे रात्री एकट्याने चालायला कुणी जात नाही. दोघांना सोबत चालायला लावण्यासाठी याहून वेगळं निमित्त कशाला?

दुसरं खरं ठिकाण म्हणजे आर्काईव्ह (arXiv) ही वेबसाइट, जिथे पेपर छापण्याआधी सगळ्यांसाठी खुले ठेवतात. तिथली यादी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री आठला लागते. आपल्याकडे तेव्हा हिवाळ्यात सकाळचे साडेसहा आणि उन्हाळ्यात साडेपाच वाजलेले असतात. आज यादीत यायचं तर तिकडच्या दुपारी दोनच्या आत पेपर चढवायचा, म्हणजे आपल्या हिवाळ्यात रात्री साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा. आपल्या आधी कुणी पेपर टाकला का, हे पहाटे अंथरुणातच कळतं. या सहा तासांत एक अख्खं प्रकरण मावतं.

पायरी ६: संवादात पुरावा बोलू द्या

शास्त्रज्ञ मनातलं आडून बोलतात, आणि आड घेतात ती कामाची. ग्रहणाच्या उलगड्याचा प्रसंग असा काहीसा लिहिता येईल:

*केतकीच्या पडद्यावर आलेख उघडाच होता. ओंकार दारातच थांबला.*

*“ही रेघ वाकलीये.”*

*“दिसतंय मला.”*

*“म्हणजे फिरतोय तो कुणाभोवती तरी. आणि डिस्पर्शनचं शिखर शून्यावर नाहीये. इथला आवाज असता तर शून्यावर आलं असतं.”*

*“गेल्या महिन्यात तूच म्हणालास, इथे काही नाही.”*

*“माझ्या दोन तासांत नव्हतं.” त्याने खुर्ची ओढली. “तुझ्या वेळा सांग. माझ्या मी काढून आणल्यात. एका रेषेवर मांडू. मला वाटतं, मी पूर्ण वेळ ग्रहणात बघत होतो.”*

*तिने वही त्याच्याकडे सरकवली.*

यात माफी नाही, कौतुक नाही. पण त्याने रात्री बसून आपलंच म्हणणं खोडून काढायचा खटाटोप केलाय, आपल्या वेळा लिहून आणल्यात. आणि तिने वही दिलीय. कच्च्या नोंदींची वही कुणी प्रतिस्पर्ध्याला देत नाही. जाणकार वाचकाला हे मिठीपेक्षा जवळचं वाटेल. न जाणणाऱ्यालाही खुर्ची आणि वही पुरेशी आहे. तांत्रिक शब्द दोन-तीनच आलेत आणि त्यांचा अर्थ वाक्यातूनच लागतो. समजावून सांगणारे परिच्छेद मध्ये घालू नका.

भाषा त्यांची खरी ठेवा. पुण्यातल्या संशोधकांच्या तोंडी ‘डेटा’, ‘रन लावला’, ‘रेफ्री’, ‘पेपर अडकला’ हेच शब्द असतात. कामाचं बोलणं मराठी-इंग्रजी मिसळून, घरचा फोन आला की केतकीची जुन्नरकडची बोली. चर्चासत्रात दोघं एकमेकांना अहोजाहो करतील, कंट्रोल रूममध्ये अरेतुरे. पुढे भांडण झाल्यावर त्याच्या तोंडी अचानक परत ‘तुम्ही’ आलं तर वेगळं वर्णन लागत नाही.

पायरी ७: ताटातूट चांगल्या वागण्यातून घडवा

बहुतेक प्रेमकादंबऱ्या इथे घसरतात. अर्धवट ऐकलेला फोन, चुकीच्या व्यक्तीसोबत दिसणं, पाच मिनिटं बोलले असते तर मिटलं असतं असा गैरसमज. घरच्यांचा विरोधही मुख्य अडथळा म्हणून वापरू नका. तो इतक्या कथांत आलाय की तुमचं विज्ञान त्याच्याखाली गाडलं जाईल.

त्याऐवजी कामाच्या नीतीतून पेच काढा. केतकीचा पेपर तयार होतो. नियतकालिकाने स्वीकारल्याशिवाय आर्काईव्हवर टाकायचा नाही, असा तिच्या गटातल्या ज्येष्ठांचा आग्रह. संपादक तो पेपर तपासायला पाठवतात ओंकारकडे. विषय जाणणारा तोच. आता दोघांमध्ये काहीतरी आहे, म्हणून तो हितसंबंध कळवून नकार देतो. बरोबरच करतो. पण तपासणी गोपनीय असते, त्यामुळे तिला सांगू शकत नाही. पेपर दुसऱ्या कुणाकडे जातो आणि आठवडे पडून राहतो. एप्रिलमधल्या एका पहाटे साडेपाचला परदेशातल्या गटाचा पेपर यादीत येतो. तोच गुच्छ, तोच पल्सार.

नंतर केव्हातरी तिला कळतं की तो पेपर ओंकारकडे आला होता आणि त्याने परत पाठवला. त्याने ठेवून घेतला असता तर आठवड्यात झाला असता. तिला हेही कळतं की ती त्याच्या जागी असती तर तिनेही तेच केलं असतं. राग धरायला जागा नाही, आणि दुःख तर आहेच. ही ताटातूट पानंच्या पानं पेलते, कारण इथे कुणीही मूर्ख ठरत नाही.

उलटा प्रयोग करायचा असेल तर चिलीतल्या अल्मा दुर्बिणीची पद्धत बघा. २०२१ पासून तिथे वेळ मागणाऱ्यांनीच एकमेकांचे बहुतेक प्रस्ताव तपासायचे असतात, तेही नावं झाकून. प्रतिस्पर्ध्याचा प्रस्ताव नकळत हाती येणं आणि तो वाचताना भारावून जाणं, यावर वेगळी कादंबरी होईल.

पायरी ८: शेवट करताना कुणाचं काम बळी देऊ नका

प्रेमकादंबरीचा वाचक दोघं एकत्र येतील या भरवशावर पुस्तक हातात घेतो. तो भरवसा मोडू नका. पण एकत्र येण्याची किंमत म्हणून केतकीने फेलोशिप सोडणं, किंवा ओंकारने उदारपणे विषय बदलणं, हे दोन्ही नको. स्पर्धकावर प्रेम केलं ते तो स्पर्धक होता म्हणूनच.

विज्ञान इथेही मदत करतं. १९९८ मध्ये विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय हे दोन प्रतिस्पर्धी गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. निष्कर्ष इतका अनपेक्षित होता की एकाच गटाचा असता तर लोकांनी सहज बाजूला ठेवला असता. एकमेकांना हरवू पाहणाऱ्या दोघांचं उत्तर जुळलं, म्हणून विश्वास बसला. २०११ चं नोबेल दोन्ही गटांतल्या शास्त्रज्ञांना मिळालं. जून २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचे पुरावेही असेच, वेगवेगळ्या देशांतल्या गटांनी एकाच वेळी मांडले. त्यात जीएमआरटीचा डेटा वापरणारा भारतीय गटही होता.

तेव्हा परदेशातल्या पेपरने केतकी संपत नाही. तिचं मोजमाप स्वतंत्र आहे, ते जुळतं, त्यामुळे पल्सार पक्का होतो. आणि ग्रहणाच्या वेळा फक्त तिच्या आणि ओंकारच्या तासांतून निघतात, त्या परदेशी गटाकडे नाहीत. दोघांचा मिळून एक पेपर करायचा मोह होईल. मी दोन करेन: एकाच नियतकालिकात पाठोपाठ छापलेले, एकावर तिचं नाव पहिलं, दुसऱ्यावर त्याचं, आणि दोन्हींत एकमेकांचे संदर्भ. अशी जोडपेपरांची पद्धत खरोखर आहे आणि या दोघांना ती शोभते.

नोकरीचा प्रश्न शेवटच्या प्रकरणात टाळू नका. दोघांना एकाच गावात जागा मिळणं शास्त्रज्ञ जोडप्यांसाठी अवघड असतं, आणि त्यांच्यात तो विषय पहिल्या महिन्यातच निघतो. सगळं सुटलेलं दाखवायची गरज नाही. दोघांचे अर्ज कुठे कुठे गेलेत, कुठलं शहर दोघांनी मिळून यादीतून खोडलं आणि कुठलं ठेवलं, एवढं दिसलं तरी वाचकाला त्यांचं पुढचं आयुष्य दिसतं.

पायरी ९: खर्डा दोघांना वाचायला द्या

एक त्या विषयातला संशोधक. त्याला ‘चुका सांगा’ म्हणू नका, ‘कुठे हसू आलं’ ते विचारा. खोटं विज्ञान तिथेच सापडतं. शक्य असेल तर २८ फेब्रुवारीला खोडदला जाऊन या. त्या दिवशी तिथले लोक प्रश्नांना मनापासून उत्तरं देतात.

दुसरी व्यक्ती, विज्ञान दहावीनंतर सोडलेली आणि प्रेमकादंबऱ्या भरपूर वाचणारी. तिने जिथे पानं भराभर उलटली तिथे समीकरणं जास्त झालीत. तिने जिथे परत मागे जाऊन वाचलं त्या ओळींवर पेन्सिलने खूण करायला सांगा, आणि दुसऱ्या खर्ड्यात त्या ओळींच्या आसपास तोडफोड करू नका.